पहिला मोठा कॉल आणि त्यानंतरचा महिना: बडोद्यात आपत्कालीन सेवेत नव्याने आलेल्यांसाठी

बडोद्यात फायर ब्रिगेडला, १०८ च्या रुग्णवाहिकेवर किंवा पोलिसांत नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना होज कसा धरायचा, स्ट्रेचर जिन्यावरून कसं उतरवायचं, सीपीआर देताना छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब कसे द्यायचे, हे सगळं शिकवतात. कॉल आटोपून आल्यावर रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे राहिले तर काय करायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. "चालशे, थई जशे" (चालेल, होऊन जाईल) एवढ्यावर भागवतात. माझी सगळी नोकरी याच शहरात, याच कामात गेली. आता निवृत्त आहे. दांडिया बाजार, बाबाजीपुरा भागातल्या ओळखीच्या घरांतलं कुणी या नोकरीला लागलं की आईवडील त्याला माझ्याकडे धाडतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे. माझा भर एकाच गोष्टीवर आहे: त्या कॉलवर काय दिसलं यावर आपला ताबा नसतो, पण नंतरचा एक महिना कसा काढायचा यावर बराच असतो.

कशाला तोंड द्यायचं आहे

मोठे कॉल सगळ्यांना ठाऊक असतात. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली. शहराचा मोठा भाग पाण्यात, आणि त्या पाण्यात मगरी. ९ जुलै २०२५ ला पाद्रा तालुक्यातला गंभीरा पूल तुटला आणि वाहनं थेट महीसागर नदीत पडली. जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन आहे म्हणून अशा वेळी प्रशिक्षित पथक जवळून मिळतं, पण पहिला तास बहुधा स्थानिक माणसांचाच असतो.

हे झाले पेपरात येणारे कॉल. रोजचे वेगळे: हायवेवरचे अपघात, कालव्यात बुडालेल्याचा शोध, उत्तरायणात (संक्रांतीला) मांजाने चिरलेले गळे, मुलं कॅनडाला गेल्यामुळे बंद फ्लॅटमध्ये चार दिवसांनी सापडलेले आजोबा. माझं निरीक्षण असं, की माणूस हरणीसारख्या कॉलनंतर खचला तर सगळ्यांच्या लक्षात येतं, पण या दुसऱ्या यादीने खचला तर त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. "मी तर काही गमावलं नाही, मी नुसतं उचललं," असं तो म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञ जी अमेरिकन निदानपुस्तिका वापरतात, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत हा प्रकार स्पष्टपणे धरला आहे. कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा असं पाहावं लागणं हाही आघातच, आणि उदाहरण म्हणून मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मींचाच उल्लेख आहे. तेव्हा "माझं काय गेलं" हा प्रश्न बाजूला ठेवा.

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात

दोन माणसं ठरवून ठेवा, एक आपल्या पाळीतला आणि एक बाहेरचा. पाळीतल्याला अर्ध्या वाक्यात कळतं. बाहेरच्यापाशी "हा कच्चा निघाला" असं कुणी म्हणेल ही भीती नसते. बाहेरचा म्हणून बायको, नवरा किंवा आई असेल तर एक नियम ठरवून घ्या: तपशील सांगायचा नाही, अवस्था सांगायची. "आज लहान मुलाचा कॉल होता, मला तासभर गप्प राहू दे." एवढं वाक्य पुरतं. घरच्यांना वर्णन नको असतं, तुमचा राग त्यांच्यावर नाही एवढं कळायला हवं असतं.

दुसरं, स्वतःचं आजचं मोजमाप लिहून ठेवा. सध्या किती तास झोप लागते, दिवसाला किती तंबाखूचा मावा किंवा सिगारेट होते, घरी आवाज किती वेळा चढतो. सहा महिन्यांनी "मी पहिल्यापासून असाच आहे" असं तुम्ही छातीठोक सांगाल. वही खोटं बोलणार नाही.

तिसरं, व्हॉट्सॲपवर फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होण्याची सेटिंग बंद करा. स्टेशनच्या आणि पत्रकारांच्या ग्रुपवर काय काय येतं ते तुम्हाला लवकरच कळेल. आपण हजर नव्हतो त्या घटनेची चित्रं जेवताना डोळ्यांसमोर येण्याचं काही कारण नाही.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल, बायको गरोदर असेल, पूर्वी स्वतःवर मोठा अपघात ओढवला असेल, तर स्टेशन ऑफिसरला खाजगीत सांगून ठेवा. ताज्या जखमेवर तसाच कॉल आला तर तो जास्त लागतो. समजूतदार साहेब अशा माणसाला त्या दिवशी पंपावर ठेवतो, आत पाठवत नाही. साहेब समजूतदार नसेल तर लीडिंग फायरमनला सांगा, जागेवर कामाची वाटणी बहुतेक वेळा तोच करतो.

गाडीत आणि जागेवर

गाडी निघाली की नवा मुलगा शूर दिसायला गप्प बसतो. बोला. वॉच रूममधून, म्हणजे स्टेशनवर जिथे कॉल येतो तिथून, काय कळलं, लहान मुलं आहेत का, किती वेळ झाला, कोण काय करणार. जे दिसू शकतं त्याची दोन वाक्यांत कल्पना असली की धक्का थोडा बोथट होतो.

जागेवर आपल्याला दिलेलं एकच काम करा. श्वास भराभर होत असेल तर आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या, चार-पाच वेळा. कुणाच्या लक्षातही येत नाही.

मृतदेहाचं काम जरा सविस्तर सांगतो, कारण रात्री परत येतं ते इथलंच असतं.

चेहऱ्याकडे कामापुरतंच बघा. देह लवकर झाका. हे काम जोडीने करा आणि पाळीपाळीने करा, एकाच माणसाला "तुला सवय आहे" म्हणून सारखं पुढे करू नका. सवय म्हणून जे दिसतं ते अनेकदा साठत चाललेलं असतं. पाकीट, शाळेचं ओळखपत्र, डबा, वही, हे उघडून पाहू नका, तो पोलिसांच्या पंचनाम्याचा भाग आहे. नाव, वय, शाळा कळली की तो देह आपल्यासाठी एक ठरावीक मूल होतो, आणि पुढचे तीन उचलायचे असतात. फोनचं विशेष सांगतो. मेलेल्या माणसाच्या खिशात फोन वाजत राहतो, स्क्रीनवर "मम्मी" असतं. उचलू नका. पालथा करून पोलिसांच्या हाती द्या. खबर देणं तुमचं काम नाही, आणि त्यासाठी लागणारं बळ त्या क्षणी तुमच्यात नसतं.

वास मारायला रुमालावर कापूर किंवा अत्तर घेण्याची जुनी पद्धत आहे. मी नवख्यांना नको म्हणतो. वास आणि आठवण यांची गाठ फार घट्ट बसते, आणि तोच कापूर संध्याकाळी घरी आरतीला लावलेला असतो. मास्क वापरा, आणि काही लावायचंच असेल तर घरात कधी येत नाही असं काहीतरी निवडा.

गर्दी शिव्या देते. "मोडा आव्या!" (उशिरा आलात!) हे तुम्ही दर चार कॉलांत एकदा ऐकाल, समोर दहा जण मोबाइल धरून उभे असतील. उत्तर देऊ नका. त्या माणसाला कुणावर तरी ओरडायचं असतं आणि आपण युनिफॉर्ममध्ये असतो. हे समजून घेतलं तरी लागतं, तेव्हा ते लागलं असं नंतर आपल्या माणसाला सांगा.

परत आल्यावरचा पहिला तास

आंघोळ, कपडे बदल, गरम खाणं, पाणी. युनिफॉर्म घरी धुवायला नेऊ नका. शक्य असेल तर स्टेशनवरच धुऊन टाका. १०८ वाल्यांची अडचण मोठी आहे. एक ईएमटी (रुग्णाला प्रथमोपचार देणारा) आणि एक पायलट (रुग्णवाहिकेचा चालक), दोघंच, आणि गाडी मोकळी झाल्याचं कळवलं की पुढचा कॉल. वाईट कॉलनंतर गाडी साफ करायचा वेळ हक्काने मागून घ्या, आणि त्यातली पाच-दहा मिनिटं एकमेकांशी बोलायला किंवा नुसतं चहा प्यायला वापरा.

कॉलचा तांत्रिक आढावा जरूर व्हावा. कुठे पाणी कमी पडलं, दोर का पुरला नाही, कोण कुठे उभा होता. पण "चला, सगळ्यांनी गोल बसा आणि एकेकाने मनातलं सांगा" असा कार्यक्रम त्याच दिवशी कुणी लावत असेल तर नम्रपणे गप्प बसायची मुभा मागा. हा प्रकार अमेरिकेत १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी मांडला. ते स्वतः आधी अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामात होते, त्यामुळे हेतूबद्दल शंका नाही. जगभर तो पसरला. नंतर तपासलं तेव्हा अशा एका सक्तीच्या बैठकीने पुढचा आजार टळत नाही असं दिसलं, काहींना तर त्रास वाढला. जागतिक आरोग्य संघटना आता तो नको म्हणते. त्याऐवजी सुचवतात ते साधं आहे: माणसाची गरज बघा, बोलला तर ऐका, हवी ती मदत जोडून द्या. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या. ज्याला नाही त्याला चहा द्या.

स्टेशनवर थट्टा चालते, काळीकुट्ट थट्टा. बाहेरच्याला ऐकून धक्का बसेल. मला त्यात काही वाईट वाटत नाही, ती आपल्या पाळीतच राहिली तर. नातेवाइकांसमोर आणि घरी नको.

पहिली रात्र, पहिले तीन दिवस

झोप तुटेल. डोळे मिटले की चित्र येईल, हात थरथरतील, जेवण जाणार नाही, किंवा काहीच वाटणार नाही. काहीच न वाटणं हेही नेहमीचंच आहे, आपण दगड आहोत असा अर्थ काढू नका. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत बसा, डोळे जड झाले की परत या. दुपारनंतर चहा कमी करा. सकाळी कमाटीबागेत एक फेरी मारा, घाम येईल इतकी. टीव्हीवर त्याच घटनेचं सारखं चालू असतं, ते बंद करा. ज्या नेत्याने जागेवर येऊन फोटो काढून घेतला त्याच्यावर चिडण्यातही फार शक्ती घालवू नका, पुढच्या वेळी तोच येणार आहे.

झोपेच्या गोळ्या शेजारच्या मेडिकलमधून आणू नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात नेहमीच्या शांत करणाऱ्या गोळ्या द्यायला जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. सवय लागते, आणि पायलटसाठी तर स्टिअरिंगवर सुस्ती म्हणजे आणखी एक अपघात.

दारू आणि मावा

गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे, तेव्हा हा विषय इथे नाही असं कुणी म्हणेल. आहे. फरक इतकाच की इथे पिणारा दोनदा लपतो, घरच्यांपासून आणि कायद्यापासून. आणि पोलिसवाला किंवा सरकारी गाडीवरचा असेल तर तिसऱ्यांदा, खात्यापासून. त्यामुळे मदत मागायला तो सगळ्यात शेवटी येतो. दारूने झोप लागते खरी, पण पहाटे तुटते, आणि उत्तररात्रीची स्वप्नं आणखी वाईट येतात. आठवड्यात तीन दिवस "झोपण्यापुरती" व्हायला लागली की डॉक्टरांना सांगायची वेळ झाली. डॉक्टर ते पोलिसांना कळवत नाहीत. माव्याचं लोकांना काही वाटत नाही, पण निकोटिन झोप उडवतं. रात्रपाळीला दुप्पट मावा आणि दिवसा झोप नाही म्हणून तक्रार, हे दोन्ही एकाच पुडीतलं आहे.

"थोडं आधी पोहोचलो असतो तर"

भीतीपेक्षा ही टोचणी जास्त दिवस टिकते. यावर मी जास्त वेळ घालवतो, आणि घालवावा असं माझं मत आहे.

बुडण्याच्या कॉलवर हे जवळजवळ ठरलेलं असतं. अशा वेळी "तू तुझ्याकडून सगळं केलंस" असं म्हणून काही होत नाही, कारण त्याला ते पटत नाही. त्यापेक्षा कागद काढा. कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोहोचली, त्या मिनिटाला कुणाला काय माहीत होतं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. काठावरच्या माणसाने ओरडून, फोन शोधून, १०१ लावेपर्यंतच तेवढा वेळ गेलेला असतो. हे आकडे वरिष्ठाबरोबर बसून एकदा नीट पाहिले की "माझ्यामुळे" या शब्दाला जागा उरत नाही. खरोखर चूक झाली असेल तर तीही त्या कागदावर दिसते, तिचा आकार कळतो, आणि ती पुढच्या सरावात दुरुस्त करता येते. नुसत्या विचारात तिला आकारच नसतो.

पुरातली टोचणी वेगळी. बोटीत आठ जण मावतात, गच्चीवर वीस उभे आहेत. आजींना आधी घ्यायचं की बाळंतिणीला, आणि उरलेल्यांना "परत येतो" सांगून निघायचं. परत जाईपर्यंत अंधार पडतो. हा निर्णय बरोबर असला तरी मनाला तो बरोबर वाटत नाही. २०२४ च्या पुरात अनेकांची स्वतःची घरं समा, वडसर, कारेलीबाग भागात पाण्याखाली होती आणि ते दुसऱ्यांना काढत होते. आई पहिल्या मजल्यावर एकटी, फोन बंद, आणि हा अकोट्याला बोटीत. अशा माणसाला पूर ओसरल्यावर घरचेच विचारतात, "आमच्या वेळी कुठे होतास?" याला कुठलंही मानसशास्त्रीय उत्तर पुरत नाही. उपाय आधीचा आहे: पावसाळ्यापूर्वी आपल्या घरच्यांची सोय कोण बघणार हे नाव ठरवून ठेवा. भाऊ, मेहुणा, वरच्या मजल्यावरचे शेजारी. ड्यूटीवरच्या माणसाचं डोकं त्याने निम्मं हलकं होतं. अधिकाऱ्यांनीही पुराच्या दिवसांत आपल्या माणसांची घरं कुठे आहेत याची यादी ठेवावी, त्या वस्तीत बोट जाईल तेव्हा दोन मिनिटं हाक मारून यायला काही बिघडत नाही.

महिनाभर काय बघायचं

कॅलेंडरवर कॉलची तारीख आणि त्यानंतर एका महिन्याची तारीख, दोन्हींवर खूण करा. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत आपसूक उतरत जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात स्वप्नं पडली की लगेच "मला पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक आजार) झाला" असं म्हणू नका, ते निदान लक्षणं महिन्याच्या वर टिकली तरच करतात. बघायचं एवढंच की त्रास उतरतोय का, तिथेच आहे, की चढतोय.

चार बाजूंनी बघा. चित्रं आणि स्वप्नं न बोलावता येतात का. काही टाळायला लागलात का, म्हणजे हरणी रोड टाळून मोठा वळसा घेणं, मुलाला पोहायला पाठवायचं नाही म्हणणं. मन उदास, बधिर, सगळ्यांवरून विश्वास उडालेला, ज्या गोष्टी आवडत त्यांत रस नाही, असं झालंय का. आणि चौथं, शरीर सतत सावध: कुकरच्या शिट्टीने दचकणं, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसणं, बारीकसारीक गोष्टीवर भडकणं.

पाचवी खूण मी माझ्या अनुभवातून सांगतो, ती पुस्तकात अशी मिळणार नाही. जो माणूस एकाएकी प्रत्येक जादा ड्यूटी मागून घेतो, गणपतीत, नवरात्रात, उत्तरायणात सुट्टी नको म्हणतो, त्याच्याकडे लक्ष द्या. सगळे त्याची पाठ थोपटतात. कित्येकदा तो घरी जायला घाबरत असतो.

खुणेच्या तारखेला त्रास तसाच असेल तर मदत घ्या. काम, घर किंवा गाडी चालवणं बिघडलं असेल तर महिन्याची वाट बघू नका.

"आपण नसतो तर बरं" असा विचार आला तर

त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा. आणि सहकाऱ्याबद्दल अशी शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. सर्व्हिसचं हत्यार असेल तर जमा करायला लावा, घरातली औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला घेऊन जा किंवा ११२ लावा.

मदत कुठे मिळते

टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास. रात्री तीनला पाळी संपली तरी लागतो. हिंदी, गुजराती चालेलच, पण मराठीतही बोलता येतं, तसं मागून घ्या. नाव सांगायलाच हवं असं नाही.

प्रत्यक्ष दाखवायचं तर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाची ओपीडी. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. पण त्या फाटकातून आत जाताना कुणी पाहील या भीतीने बरीच माणसं जातच नाहीत. मी म्हणतो, मग सयाजीला जा. तिथे रोज शेकडो जण केसपेपर काढतात, तुम्ही कुठल्या खोलीत जाताय याकडे कुणाचं लक्ष नसतं. परवडत असेल तर खाजगी तज्ज्ञ.

पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, भूक, व्यसन, घर, नोकरी आणि मरणाचे विचार याबद्दल विचारतात. संपूर्ण प्रसंग पहिल्याच दिवशी सांगावा लागत नाही. तुमची ती वही बरोबर न्या. आघातावर नेमका उपचार आहे. प्रशिक्षित माणसाबरोबर काही आठवडे बसून त्या आठवणीला आणि टाळलेल्या गोष्टींना थोडं थोडं सामोरं जायचं असतं. दुसऱ्या एका पद्धतीत आठवण मनात धरून डोळे ठरावीक पद्धतीने डावी-उजवीकडे फिरवायला लावतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण तीही मान्य पद्धत आहे. औषधं दिली तर बहुधा नैराश्यावरची असतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, नशा येत नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नसतात. गाडी चालवता, उंचीवर चढता, बीए सेट (श्वासासाठी हवेची टाकी आणि मुखवटा) लावून धुरात जाता, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्यावरून औषध आणि वेळ ठरते.

नोकरी जाईल का?

ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला लावला आहे, तेव्हा पॉलिसी काढून वाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. कंत्राटावर असाल तर हे संरक्षण इतकं पक्कं नाही. अशांनी रजेचा अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. रजेच्या अर्जावर कारण म्हणून "वैद्यकीय" एवढं पुरतं.

मंडळाची पोरं

शेवटी अशांबद्दल, ज्यांची हजेरी कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. पुरात गणेश मंडळांची पोरं टायर-ट्यूब घेऊन उतरतात, पोहणारे तरुण तलावात उड्या मारतात, प्राणी वाचवणारे स्वयंसेवक लोकांच्या अंगणातून मगरी काढतात. यांना ना पाळी, ना वॉच रूम, ना साहेब. दुसऱ्या दिवशी सत्काराची शाल मिळते आणि तिसऱ्या दिवशी दुकानावर बसावं लागतं. वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे, फक्त त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणी नाही. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी किंवा गटाच्या म्होरक्याने एक काम अंगावर घ्यावं. कोण कोण पाण्यात उतरलं याची नावं आणि नंबर त्याच रात्री लिहून घ्यावेत. अठरा वर्षांखालच्यांना देह काढण्याच्या कामाला लावू नये, मग ती पोरं कितीही पुढे येवोत. आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा प्रत्येकाला फोन करून झोपेचं विचारावं, पराक्रमाचं नाही. जो फोन उचलत नाही त्याच्या घरी कुणाला तरी पाठवावं.